भाऊंच्या गाडीचा गिअरबॉक्स

भाऊ, तुम्ही बजाजनगरच्या आमच्या गल्लीला मरायला टेकलेली गाडी दिली आणि ढोल लावून सांगितलं की ही जीव वाचवणारी आहे. हा आरोप आहे आणि तो मी तोंडावर करतोय. तुमच्या ऑफिसातून निरोप आलाय की कडुबानं तोंड आवरावं. तोंड माझं आहे, भाऊ. ते तुमच्या फंडातून आलेलं नाही आणि त्याच्यावर तुमचा फोटो नाही.

गाडीवर मात्र आहे. मागच्या काचेवर तुमचा चेहरा एवढा मोठा चिकटवलाय की मला आरशात मागचा रस्ता कधी दिसलाच नाही, तुमच्या चेहऱ्याची पांढरी उलटी बाजू तेवढी दिसायची. दारावर लिहिलंय ‘मायेची गाडी’. खरं तर ती तुमच्याच ताफ्यातली जुनी सात सीटर. प्रचारात तिनं धुरळा खाल्ला, माणसं कोंबून वाहिली, आणि तुमची नवी आल्यावर तिला पांढरा रंग मारून आमच्या दारात उभी केली. ऑटोमॅटिक. क्लच नाही, गिअर टाकायची कटकट नाही. गिअरची काडी डी वर ओढली की ती आपली आपण गिअर बदलते. निदान बदलायला पाहिजे.

लोकार्पणाच्या दिवशी तुम्ही माईकवर म्हणालात, “माझ्या माऊलीला आता रिक्षात आदळत जायची पाळी येणार नाही.” ती माऊली म्हणजे गोजरबाई. वाळूजच्या कंपनीत माझ्या शेजारच्या मशीनवर तिचा नवरा होता. मी गिअरचे दात कापायचो, तो घासायचा. तो गेला. गोजरबाईनं मेसच्या पोळ्या लाटून पोरगा वाढवला आणि आता तिच्या दोन्ही किडन्या बसल्या. आठवड्यातून तीनदा शहरातल्या दवाखान्यात डायलिसिसला जावं लागतं. पाळी चुकली की अंगात पाणी भरतं आणि श्वास लागतो. एवढं साधं आहे ते. गाडी वेळेवर पोचली तर बाई रात्री आडवी झोपते, नाही पोचली तर बसून राहते. म्हणून रिटायर झाल्यावर मी त्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून बसलो. तुमच्यासाठी नाही.

तिचा पोरगा इंद्रजीत हा तुमचा कार्यकर्ता. आमच्याकडं तुमचं एक बॅनर त्याच्याशिवाय लागत नाही. वॉर्डाचं पद त्याला “या वेळेला नक्की” द्यायचं, असं तुम्ही दर वेळेला म्हणता. गाडीची चावी त्याच्याकडं, गाडीची इज्जत त्याच्याकडं, आणि आई गाडीत.

गल्लीची एक पद्धत आहे. ती तुम्हाला ठाऊक आहेच, कारण तुमच्यामुळंच पडली. भाऊंनी दिलेल्या वस्तूला नाव ठेवायचं नाही. चौकात तुम्ही थंड पाण्याची मशीन बसवली, ती पहिल्या दिवसापासून कोमट पाणी देते. मे महिन्यात माणसं तिथं ग्लास तोंडाला लावतात आणि म्हणतात, “आहाहा, गार!” तुमच्या ओपन जिमच्या सायकलला एकच पायडल आहे. म्हातारी माणसं एका पायानं व्यायाम करतात आणि विचारलं तर सांगतात, दुसरा पाय ठणठणीत आहे, त्याला गरज नाही.

त्या पद्धतीत ही गाडी आली.

गोजरबाई मागच्या सीटवर टेकून बसायची. मी समोर रस्ता बघायचो, तिचं आख्खं अंग गाडीला लागलेलं. एक दिवस नगर नाक्याच्या सिग्नलला ती म्हणाली, “भावजी, ही गाडी आधी कण्हती आन् मग निघती. तुम्ही ऐकलं का नाय?”

“ऐकलं, वहिनी.”

“मंग बोलले का नाय?”

“म्हटलं, परत एकदा ऐकावं.”

“मीबी असंच केलं. पाय सुजायचे तवा म्हटलं, परत एकदा बघू. समदे म्हणायचे, पोळ्या लाटायला उभी राहती, सुजणारच. लई दिवस बघितलं मी.” आणि ती हसली. “आता बघा, गाडीत बसून हिंडती, राणीवानी.”

मी त्या दिवशी गाडी नीट ऐकली. उभी असताना काडी डी वर टाकली की आधी शांतता, मग खालून धक्का. गोलवाडीच्या पुलाच्या चढावर इंजिन ओरडायचं, काटा वर पळायचा, पण गाडी तिथंच. इंजिन धावतंय आणि चाकाला त्याचा पत्ता नाही. रिव्हर्सला तर ती अशी रुसायची की दवाखान्याच्या गेटवर मागची माणसं हॉर्न वाजवून थकायची. गिअरबॉक्स एका दिवसात मरत नाही, भाऊ. तो आधी हळू सांगतो, मग मोठ्यानं सांगतो, मग सांगायचं बंद करतो.

आता आमच्या गल्लीचं ऐका. इथं दर तिसऱ्या घराचं पोट गाडीच्या पार्टवर चालतं. कोणी दात कापतो, कोणी ते भट्टीत घालून कडक करतो, कोणी सील बनवतो, कोणी तपासून डब्यात भरतो. चार दारं वाजवली तर आख्खा गिअरबॉक्स गल्लीतच जुळवून होईल. अशा गल्लीत गिअरबॉक्स बिघडला आणि कोणालाच ऐकू आला नाही! हलवायांच्या गल्लीत साखर ओळखू येऊ नये, तसं.

मी संध्याकाळी पहिली शिफ्ट सुटल्यावर गाडी चहाच्या टपरीसमोर उभी केली, इंजिन चालू ठेवलं आणि तिघांना हाका मारल्या. कृष्णा भट्टीवर काम करतो. नवाब ऑइल सीलच्या कंपनीत आहे. माऊली, म्हणजे तुमच्या भाषणातली नव्हे, हा गडी क्वालिटीत, माल तपासायला; त्याच्या सहीशिवाय त्यांच्या कंपनीतून एक डबा बाहेर पडत नाही.

ब्रेक दाबून मी काडी डी वर टाकली. काही झालं नाही. माणूस तंबाखूला चुना लावेल एवढा वेळ गेला. मग खालून धाडकन आवाज आला आणि गाडी अशी हादरली की काचेवर तुमचे गाल हलले.

“बोला,” मी म्हटलं.

कृष्णा पहिला बोलला. “दात नाय हे. आमच्या भट्टीतनं निघालेल्या दाताला काय होत नाय. कापणारानं वाकडा कापला आसंल तर मला माहीत नाय.”

“कापणारा मी होतो.”

“म्हणून तर नाव घेतलं नाय.”

नवाबनं खाली वाकून बोट फिरवलं. बोटाला लाल तेल लागलं. त्यानं वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. “जळालंय तेल. आणि गळतंयबी. पण कडुबाभाई, सील हमारा नै ये. हमारा सील ऐसा रोताच नै. दूसरी कंपनी का होंगा.”

“अरे, पण गळतंय ना?”

“गळतंय ना. मैं कब बोला नै गळता? हमारा नै गळता.”

राहिला माऊली. तो हात मागं बांधून उभा, साहेब लोक प्लांट बघायला आल्यावर उभे राहतात तसा.

“माऊली, तू क्वालिटीवाला. हे पास का रिजेक्ट?”

माऊलीनं आधी गाडीकडं बघितलं, मग काचेवर तुमच्याकडं. “मी आत्ता ड्युटीवर नाय,” तो म्हणाला.

“ड्युटीवर असतास तर?”

“तर हा माल माझ्या टेबलावर आलाच नसता. एवढा मोठा पार्ट आमच्याकडं येत नाय.”

अशी ती चौकशी झाली. दात चांगले, सील चांगलं, तपासणी चांगली. सगळे पार्ट निर्दोष आणि गाडी बिघडलेली. तुमच्या पक्षाचा अहवालसुद्धा इतका स्वच्छ नसतो.

जाताना कृष्णानं मला बाजूला घेतलं. “कडुबा, माझी कामाची ऑर्डर भाऊंच्या लेबरच्या ठेक्यावर निघती. नवाबच्या पोरीला भाऊंच्याच कॉलेजात घ्यायचंय. माऊलीच्या घराच्या पायऱ्या रोडवर आल्यात, त्या पाडापाडीतनं भाऊंनीच वाचवल्यात. तू रिटायर हायस, तू बोल.” म्हणजे ऐकू सगळ्यांना आलं होतं. बोलायला फक्त माझं तोंड मोकळं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंद्रजीत दारात. “काका, टपरीवर गाडीचा पंचनामा करता व्हय? भाऊंपर्यंत गेलं तर?”

“जाऊ दे. त्यासाठीच केला.”

“गाडी चालती का नाय?”

“चालते. अजून.”

“मंग झालं तर. चालत्या गाडीला गॅरेजात नेलं तर लोक काय म्हणतील? भाऊंनी भंगार दिलं म्हणतील.”

“हे बघ इंद्या, आत्ता नेली तर तेल, फिल्टर, आतल्या चार चकत्या बदलून भागेल. थांबलास तर आख्खा डबा खोलावा लागेल. आणि मधे तुझी आई कुठं अडकेल ते सांगता येत नाही.”

“गाडीची वर्षपूर्ती होऊ द्या, काका. भाऊ स्वतः येणार हायत. मग बघू.”

त्या आठवड्यात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. गाडी बिचारी माणसापेक्षा प्रामाणिक, तिच्याकडं जेवढी भाषा होती तेवढी तिनं वापरली. इंद्रजीतनं त्या दिव्यावर तुमचा छोटा गोल स्टिकर चिकटवला. मग दिवा लागला की तुमच्या डोक्यामागं पिवळं तेज फाकायचं. गोजरबाई म्हणाली, “देव्हाऱ्यात लाईट लावल्यावानी दिसतंय.” ती टोमणा मारत होती. इंद्रजीतनं फोटो काढून ग्रुपवर टाकला, आणि खाली हात जोडलेल्यांची रांग लागली.

तेलाचं त्याहून भारी झालं. गाडी रात्रभर जिथं उभी राहायची तिथं सकाळी लाल डाग पडायचा. महिला मंडळाच्या गीताबाईनं तो बघितला. दसऱ्याला गाडीची पूजा तिनंच केली होती, म्हणून तिला वाटलं हे कुंकवाचं पाणी. “पाय देऊ नका गं कोणी,” म्हणाली आणि डागाभोवती रांगोळीची नक्षी काढली. दोन दिवसांत डाग रांगोळीच्या बाहेर आला. तिनं मोठी काढली. मी सांगितलं, गीताबाई, हे गिअरबॉक्सचं तेल आहे. तर मला म्हणते, “भाऊजी, तुम्हाला कशात चांगलं दिसतच नाय का?”

आणि भाषा! गाडी निघायला उशीर करायची त्याला म्हणायचं, गाडी विचार करते. धक्का द्यायची त्याला म्हणायचं, जोशात आहे. जळका वास आला की वाऱ्याची दिशा बघून एमआयडीसीकडं बोट दाखवायचं.

एका संध्याकाळी मी गोजरबाईच्या घरी बसलो होतो. ती इंद्रजीतला म्हणाली, “तुझ्या भाऊच्या गाडीनं सुईच्या हाताला लई हिसका बसतो रे.”

“आई, रस्ता खराब हाय.”

“उभ्या गाडीत रस्ता कुठून येतो?”

इंद्रजीत उठून बाहेर गेला. बाहेर त्याला तुमचा फोन आला होता. किंवा त्यानं आल्यासारखं केलं.

मग आली वर्षपूर्ती. तुम्ही निवडलेला दिवस नेमका गोजरबाईच्या पाळीचा. मी म्हटलं, आधी दवाखाना, मग हार-तुरे. इंद्रजीत म्हणाला, “काका, आईला गाडीत बसलेलं दाखवायचंय. भाऊ स्वतः गाडी चालवणार, कोपऱ्यापर्यंत. तिथं ते उतरले की तुम्ही बसा आन् तसेच दवाखान्यात जा. एक मिनिट इकडं-तिकडं होणार नाय.”

तुम्ही सकाळी येणार होता. गोजरबाईला सकाळीच आंघोळ घालून, नवं लुगडं नेसवून मागच्या सीटवर बसवलं. ऊन चढलं. तुम्ही आला नाहीत. मंडपातल्या बाया दर थोड्या वेळानं तिला सरबत आणून द्यायच्या आणि ती हात जोडून नको म्हणायची. तिला घोट मोजून पाणी प्यावं लागतं, हे तिच्या गळ्यातल्या ‘लाभार्थी’ लिहिलेल्या पट्ट्यावर कुठं लिहिलेलं नव्हतं. तिचे पाय चपलेच्या बाहेर आले होते. मी इंद्रजीतला दोनदा सांगितलं, तिला रिक्षानं नेतो. तो म्हणाला, “काका, निघालेत भाऊ. बाबा पेट्रोल पंपाच्या चौकात हायत.” तुम्ही बाबा पंपाला दुपारपर्यंत होता.

शेवटी आलात. नव्या गाडीतून उतरलात, सगळ्यांना नमस्कार केलात, मायेच्या गाडीच्या बॉनेटवर हात फिरवला आणि ड्रायव्हरच्या जागेवर बसलात. मी खिडकीशी आलो. सगळ्यांसमोर सांगितलं, “भाऊ, हिचा गिअरबॉक्स जातोय. तुम्ही बसताय ते बसा, पण आज हिच्यातून बाईला नेऊ नका.”

ढोलवाल्यानं काठी खाली घेतली. गल्लीत पहिल्यांदा कोणी तो शब्द तुमच्या कानावर घातला होता. तुम्ही हसलात. माईक हातात होताच. “काका,” म्हणालात, “गाडी म्हणजे आपली लेक. लेकीला कोणी नावं ठेवतं व्हय?” टाळ्या. माऊलीनं वाजवल्या, कृष्णानं वाजवल्या. नवाबनं एक वाजवली आणि माझ्याकडं बघून दुसरी गिळली.

तुम्ही काडी डी वर टाकली. काही नाही. पाय दाबला. इंजिन असं गरजलं की मंडपाची झालर हलली. गर्दी खूश. “इंजिनात लई पॉवर हाय भाऊंच्या!” कोणी तरी ओरडलं. तुम्ही अजून दाबलं. गाडी जागची हलली नाही, खालून धूर मात्र निघाला, आणि या वेळेला वारा एमआयडीसीच्या बाजूनं नव्हता.

तुमचा व्हिडिओवाला म्हणाला, “भाऊ, चालत्या गाडीचा शॉट पाहिजे.”

तुम्ही माईक बाजूला केला. “इंद्रजीत, हिला झालंय काय?”

“काय नाय, भाऊ,” तो म्हणाला. घाम त्याच्या गळ्यातल्या उपरण्यात मुरत होता. “जरा विचार करतीय.”

“मग तिला सांग, शूटिंग चालू आहे.”

व्हिडिओवाला हुशार. म्हणाला, “मागनं ढकला. फक्त काचेच्या वर डोकं दिसू देऊ नका.”

मी खिडकीतून म्हटलं, “भाऊ, काडी एन वर घ्या. आता तिला तेवढंच जमतं.” तुम्ही घेतली. तेवढं तरी माझं ऐकलं.

आणि मग आमची गल्ली वाकली, भाऊ. कृष्णा वाकला, नवाब वाकला, माऊली वाकला. ज्यांनी आयुष्यभर गिअर केले, ते गिअरच्या जागी लागले. इंद्रजीत मधोमध, डोकं सायलेन्सरपाशी. नवाब दबक्या आवाजात सांगत होता, “झुक के मारो रे, किसी की टोपी दिखरी.” समोरून गाणं लागलं. तुम्ही एक हात स्टिअरिंगवर ठेवून दुसरा हलवत होता. बाया फुलं टाकत होत्या. मी बाजूनं चालत होतो, खिडकीतून गोजरबाईचा हात धरून.

ती म्हणाली, “भावजी, आज लई मऊ चालती गाडी.”

कोपऱ्यावर तुम्ही उतरलात, गोजरबाईला वाकून नमस्कार केलात, तेही शूट झालं, आणि नव्या गाडीत बसून गेलात. तुमच्या गाडीनं गिअर टाकलेला कळलासुद्धा नाही. इंद्रजीत तुमच्या मागच्या गाडीत बसला. आईकडं बघून त्यानं हातानं खूण केली, आलोच.

ही गाडी कोपऱ्यावर, बाई गाडीत. मी अफजलची रिक्षा थांबवली. तो गुलमंडीला कापडाचे गठ्ठे टाकायला निघाला होता. त्यानं ते गठ्ठे आमच्या पायाशी लावले आणि गल्ल्यांतून, नाक्यांतून जशी जमेल तशी रिक्षा काढली. तीच रिक्षा, जिच्यात आदळायची पाळी आता येणार नव्हती.

दवाखान्यात सिस्टर म्हणाली, “मावशी, एवढा उशीर? तुमचं मशीन दुसऱ्या पेशंटला लावलं. ते सुटल्यावर राहील तेवढाच वेळ मिळंल, पुढं आमची शिफ्ट बदलती.” भांडून काय करणार? तिच्या मागं अजून माणसं बसली होती, तीही कुठल्या तरी गाडीची वाट बघून आलेली. गोजरबाईची निम्म्या पाळीवर सुई काढली.

संध्याकाळी ती घरी भिंतीला टेकून बसली, पाठीशी उश्या लावून. आडवं होता येईना. बोलताना मधेच थांबून श्वास घ्यावा लागायचा. बघायला सगळे आले. गीताबाई पाय चेपत होती. कृष्णा, नवाब, माऊली दाराशी उभे. नवाबची बायको जाहेदा ओला रुमाल घेऊन शेजारी. तेवढ्यात सगळ्यांचे फोन वाजले. तुमचा व्हिडिओ आला होता. ‘वर्षपूर्ती: मायेची गाडी सुसाट!’ तुम्ही तो जरा पळवून टाकला होता, त्यामुळं ढकललेली गाडी खरोखरच सुसाट दिसत होती.

इंद्रजीत आला. गळ्यात अजून हार. आईला बघून तो उंबऱ्यातच थांबला. त्यानं हार काढून हातात धरला, मग कुठं ठेवावा ते कळेना म्हणून परत गळ्यात घातला.

गोजरबाईनं विचारलं, “इंद्या, गाडीला काय झालंय?”

“काय नाय, आई. थोडंसं...”

“थोडंसं काय? नाव सांग त्याचं.”

बाईच्या छातीत घरघर होती तेवढी ऐकू येत होती, आणि ती कोणाला ऐकू आली नाही असं कोणाला म्हणता येत नव्हतं.

“गिअरबॉक्स गेलाय,” इंद्रजीत म्हणाला. “मला माहीत होतं, आई. काकांनी सांगायच्या आधीपासून माहीत होतं.”

दाराशी माऊली पुटपुटला, “रिजेक्ट.”

“आता बोल्या,” नवाब म्हणाला. “अब सब की ड्युटी चालू.” आणि त्यानं स्वतःच्याच तोंडावर हात मारून घेतला. “सील किसी का भी होंगा रे, गळत तर होतं.”

इंद्रजीतनं तिथंच तुम्हाला फोन लावला. स्पीकरवर. तुम्ही उचललात, खुशीत होता. “काय वाघा! बघितला का व्हिडिओ?”

“भाऊ, गाडीचा गिअरबॉक्स गेलाय. गॅरेजला न्यायची हाय.”

“आत्ता? व्हिडिओ सगळीकडं फिरतोय, आणि गाडी गॅरेजात? विरोधकांनी फोटो काढला तर? डोकं आहे का तुला? आणि त्या म्हाताऱ्या ड्रायव्हरला आधी काढ, त्याच्याच हाताला काही तरी आहे.”

“भाऊ, परवा आईची पाळी हाय. आज निम्मीच झाली.”

तुम्ही थोडं थांबलात. मला वाटलं, माणूस आहे, विचारेल कशी आहे म्हणून.

“बघू,” तुम्ही म्हणालात आणि ठेवून दिलात.

इंद्रजीतनं फोन खाली ठेवला. मग त्यानं खिशातून गाडीची चावी काढून माझ्या हातात दिली. “काका, तुम्हीच राहा गाडीवर,” म्हणाला. “पदाचं काय व्हायचं ते होऊ द्या.” तुमचा वाघ तेव्हा रडत होता, भाऊ. तो व्हिडिओ कोणी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी ढकलत गॅरेजला नेली. या वेळेला कोणी वाकलं नाही, सरळ उभं राहून ढकलली. गॅरेजवाल्यानं काचेवर तुम्हाला बघितलं आणि हात मागं घेतला. म्हणाला, “कागद कोणाच्या नावावर?” तेव्हा कळलं. गाडी तुम्ही अर्पण केली, नावावर केली नाही. ती अजून तुमच्याच ट्रस्टची आहे. तुमची परवानगी आल्याशिवाय तो नट ढिला करणार नाही. करणार तरी कसा, त्यालाही धंदा याच रस्त्यावर करायचाय. गल्लीनं खर्च करायचा म्हटलं, तरी हात लावायला तयार नाही. तुमच्या ऑफिसात तिघं जाऊन आले. नवाब गेला, माऊली गेला, कृष्णा तर ठेक्याची पर्वा न करता गेला. प्रत्येकाला तुमच्या माणसानं चहा पाजला आणि सांगितलं, भाऊ बघतायत.

काय बघताय, भाऊ? तेल लाल होतं तेव्हा बघायचं होतं. आता ते काळं झालंय. पिवळा दिवा लागला तेव्हा बघायचं होतं, तेव्हा तुम्ही त्याच्यावर चिकटून बसला होता. तुम्हाला सगळं आधी कळलेलं असतं, तुमच्या माणसांनी कळवलेलं असतं, आणि तरी तुम्ही माणूस आडवा पडेपर्यंत थांबता. मग हार घेऊन येता.

गोजरबाई आजही बसूनच आहे. अफजल रिक्षा घेऊन येतो म्हणालाय, पण नाक्यावर खोदून ठेवलंय आणि त्या आदळण्यानं तिच्या हाताची सुईची जागा रक्ताळते, म्हणून दवाखान्यानं रिक्षा नको म्हणून सांगितलंय. उद्या सकाळी ती चप्पल घालून दारात बसणार आहे. मी चावी घेऊन शेजारी असेन. कृष्णा, नवाब, माऊली, इंद्रजीत, सगळे असतील. मला तुमचं भाषण नको, निरोप नको, चहा नको. ‘बघू’ तर अजिबात नको. तुमच्या गाडीचा गिअरबॉक्स खोलायला तुम्ही परवानगी देताय का नाही? आणि तो नीट होईपर्यंत गोजरबाईला न्यायला दाराशी चालती गाडी, तुमची ती नवी, येणार का नाही?

व्हय का नाय? गल्ली दारात उभी आहे. सांगा.